अंबाड्याच्या झाडांचे फोटो: नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नेदरलँड्समधला पहिला हिवाळा लागला की एक झाड जिकडेतिकडे दिसायला लागतं. ट्रेनच्या खिडकीतून, कालव्याच्या कडेला, गोठ्यामागे. माणसापेक्षा जेमतेम उंच, जाडजूड, सुरकुतलेलं खोड. वर बोडका गोळा. आणि त्या गोळ्यातून झाडूसारख्या उभ्या निघालेल्या काटक्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, झाडाला रोग झालाय. रोग वगैरे काही नाही. हे झाड असंच कापून घडवलेलं असतं.

इथे त्याला क्नॉटविल्ख म्हणतात. विल्ख म्हणजे विलो. क्नॉट म्हणजे गाठ, गोळा; आणि डच बायका केसांचा अंबाडा घालतात त्यालाही क्नॉटच म्हणतात. म्हणून माझ्यापुरतं हे अंबाड्याचं झाड, केसांच्या अंबाड्याचं. विलो हा शब्द आपल्याला क्रिकेटच्या बॅटमुळे ठाऊक असतो, पण विलोचा एक भाऊबंद आपल्याकडेही ओढ्याकाठी उभा असतो: वाळुंज. आणि फांद्या छाटून झाडाचा खांब करायची रीत तर कोकणातल्या माणसाला सांगायलाच नको. भाताच्या भाजावळीसाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून तोडून सोट झालेली ऐनाची झाडं ज्याने पाहिलीत, त्याला क्नॉटविल्ख परकं वाटणार नाही.

या झाडांचे फोटो काढायला सोपे वाटतात आणि घरी येऊन बघितले की फसलेले असतात. माझे पहिले दोन हिवाळे असेच गेले. मग जे लक्षात आलं ते इथे पायरीपायरीने सांगतो. महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईलवरही बरंच जमतं, आणि कुठे जमत नाही तेही सांगतो.

पहिली पायरी: झाडाचं वर्ष ओळखा

बहुतेक मार्गदर्शनं कॅमेऱ्यापासून सुरू होतात. इथे मात्र आधी कापणीचं वर्ष बघा. ही झाडं साधारण दर ३ ते ५ वर्षांनी डोक्यापाशी पूर्ण छाटली जातात, तीही हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे पक्ष्यांची वीण सुरू व्हायच्या आत. खोड पुरुषभर उंच ठेवायचं कारण गाईगुरं. कोवळे धुमारे त्यांच्या तोंडाला लागू नयेत एवढीच ती उंची. छाटलेल्या फांद्यांचे पूर्वी अवजारांचे दांडे व्हायचे, टोपल्या व्हायच्या, कुंपणं विणली जायची. काटक्यांच्या मोठमोठ्या चटया विणून, वर दगड टाकून, बांधाच्या पायथ्याशी पाण्यात बुडवल्या जायच्या, म्हणजे प्रवाहाने तळ खरवडला जाऊ नये. आता ती गरज फारशी उरलेली नाही, पण कापणं थांबवता येत नाही. थांबवलं तर फांद्या मांडीएवढ्या जाड होतात, त्यांचं वजन डोक्याला पेलत नाही आणि खोड मधोमध फाटतं.

आता फोटोच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एकाच जातीचं झाड कापणीच्या वर्षागणिक वेगळं असतं आणि प्रत्येकाला वेगळा उजेड लागतो. सगळ्यांना एकाच पद्धतीने टिपायला गेलात की फसलात.

यंदाच कापलेलं झाड म्हणजे नुसती मूठ. काटक्या नाहीत, त्यामुळे आकाशात रेघा नाहीत. आहे ते खोडाचं कातडं आणि डोक्यावरचे ताजे, फिकट काप. याला बाजूने येणारं ऊन हवं. सूर्य तुमच्या उजव्या किंवा डाव्या खांद्याकडे असला की सालीतली प्रत्येक चीर उठून दिसते. ऊन तुमच्या पाठीमागून आलं तर तेच खोड सपाट पुठ्ठ्यासारखं दिसतं. अशी अख्खी रांग पाहिली की मला कॅम्पच्या आदल्या दिवशी केस कापून आलेली एनसीसीची पोरं आठवतात. सगळ्यांचे कान अचानक मोठे दिसतात तसं काहीतरी.

कापून एक-दोन वर्षं झालेलं झाड नवशिक्यासाठी उत्तम. काटक्या सरळ, बारीक, आणि त्यांचा रंग पिवळट-हिरवट ते तपकिरी. सूर्य झाडाच्या मागे, जरा बाजूला ठेवा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या काटक्या पेटल्यासारख्या उजळतात. मागे गडद काहीतरी हवं: दूरची झाडी, काळा ढग, शेतघराचं छप्पर. पांढऱ्या आकाशापुढे हा रंग मरतो.

तीन-चार वर्षांचं झाड म्हणजे वाढलेली जटा. यात तपशील इतका असतो की डोळा कुठे थांबवावा कळत नाही. याला धुकं हवं, नाहीतर सूर्य मावळल्यानंतरचं आकाश, म्हणजे नुसती काळी आकृती उरेल. आणि ज्याची कापणी राहून गेलीय, जे फाटलंय, वाकलंय, त्याला रांगेत बसवायचं नाही. ते एकटं घ्यायचं, व्यक्तिचित्रासारखं. पोकळ झालेल्या खोडात डोकावा, पण लांबूनच. अशा ढोलीत छोटं घुबड राहतं, आपल्या पिंगळ्याचं सख्खं चुलत भावंड. डोक्यावर साठलेल्या कुजक्या मातीत नेचे उगवतात, बदकंसुद्धा घरटं करतात.

उन्हाळ्यात ही झाडं हिरव्या गोळ्यांसारखी दिसतात आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा दुसरे फोटो काढतो. एकच अपवाद. पांढऱ्या विलोच्या पानाची खालची बाजू चंदेरी असते. जोराचा वारा सुटला की सगळं झाड उलटं होऊन चमकतं. ट्रायपॉड असेल तर शटर १/८ सेकंदावर ठेवून बघा: खोड ठाम आणि वरचं सगळं वाहतंय.

दुसरी पायरी: जागा

जिथे पाणी काढून जमीन केलीय आणि ओल्या मातीला कड धरून ठेवायला झाडं लागली, तिथे ती मिळतात. रॉटरडॅमच्या पूर्वेकडच्या आल्ब्लासरवार्ड आणि क्रिम्पनरवार्ड या भागांत मध्ययुगात दलदल आखून शेतं केली गेली. पट्टे अरुंद आणि लांबच लांब, ठिकठिकाणी सव्वा किलोमीटरपर्यंत, आणि दोन पट्ट्यांमध्ये पाण्याचा चर. त्या चराला इथे स्लोट म्हणतात. झाडांच्या रांगा या चरांच्या कडेने धावतात, म्हणून गावातल्या रस्त्यावर उभं राहिलं तरी रांग तुमच्यापासून थेट क्षितिजाकडे जाताना दिसते. पाय ओले न करता मिळणारी ही चौकट.

माझी आवडती वाट मात्र लिंगे नदीची. उट्रेख्टहून खेल्डरमाल्सनला ट्रेनने जायचं आणि सायकलने नदीच्या बांधावरून पश्चिमेला निघायचं. रम्प्ट, मग अकॉय, जिथल्या चर्चचा मनोरा चांगलाच कललेला आहे, आणि शेवटी लेअरडाम. तिथून परतीची ट्रेन मिळते. बांध वळणावळणाचा आहे, त्यामुळे सूर्य कधी समोर, कधी बाजूला, कधी पाठीशी. एकाच सकाळी सगळे उजेड मिळतात. स्वतःची सायकल ट्रेनमध्ये न्यायची तर तिचं वेगळं तिकीट लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ती नेता येत नाही. घडीची सायकल घडी करून कधीही चालते.

शेतं खाजगी आहेत. "फरबोडन टूखांग" (प्रवेश बंद) आणि खाली कलम ४६१ अशी पाटी दिसली की आत जायचं नाही, फाटक उघडं असलं तरी. पाटी नसली तरी चिखलातून गवत तुडवत जाऊ नका. गवत हेच त्या शेतकऱ्याचं पीक. आवारात कुणी दिसलं तर हात वर करून "मॉर्खन" म्हणा आणि कशाचा फोटो काढताय ते सांगा. मला आजवर या झाडांमुळे कुणी हाकललेलं नाही. उलट एका आजोबांनी त्यांच्या मागच्या रांगेपर्यंत नेऊन प्रत्येक झाड कोणत्या साली लावलं ते ऐकवलं, आणि तेवढ्यात ऊन गेलं.

दोन धोके. बांधावरचा लाल रस्ता सायकलींचा असतो. त्यावर ट्रायपॉड मांडून उभे राहिलात तर मागून येणारा शर्यतवाला थांबणार नाही, घंटा वाजवेल आणि वर डचमध्ये काहीतरी सुनावेल. दुसरा धोका हिरवा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून चरांवर बारीक टिकल्यांसारख्या पानांची हिरवी साय पसरते. ती हुबेहूब हिरवळीसारखी दिसते. मी कॅमेरा डोळ्याला लावून एक पाऊल मागे सरकलो आणि थेट कमरेपर्यंत पाण्यात. कॅमेरा वाचला, फोन गेला. तेव्हापासून नियम केलाय: डोळा कॅमेऱ्याला असताना पाय हलवायचे नाहीत.

तिसरी पायरी: वेळ आणि हवा

नव्याने आलेल्यांना एक आनंदाची बातमी. डिसेंबरात इथे सूर्योदय पावणेनऊच्या सुमारास होतो आणि साडेचारला सूर्य मावळतो. पहाटे उठायचं नाही, रात्र करायची नाही. शिवाय २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १४-१५ अंशांवर असतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर येतो. म्हणजे आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ तासभर मिळणारं तिरपं ऊन इथे निरभ्र दिवशी सगळा दिवस मिळतं. अडचण एकच: निरभ्र दिवस मिळायला हवा.

धुकं कधी पडेल याचा अंदाज बांधता येतो. आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी बघा: आकाश मोकळं आहे का, वारा पडलाय का, आणि रात्रीचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्याच्या) जवळ उतरतंय का. हवामान खात्याच्या, म्हणजे केएनएमआयच्या ॲपवर धुक्याचा इशाराही येतो. तिन्ही जुळलं तर चरांवरून आणि ओल्या गवतावरून गुडघाभर धुकं उठतं. ऑक्टोबरात ते सूर्य वर आल्यावर तासाभरात विरतं, म्हणून सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर हवं. ऐन हिवाळ्यात कधी कधी दिवसभर हलत नाही. तेव्हा निवांत जेवून निघा.

धुक्यात आणि हिमकणांच्या पांढऱ्या सकाळी कॅमेरा फसतो. त्याला एवढा पांढरा उजेड खरा वाटत नाही आणि तो फोटो राखाडी करून ठेवतो. एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप वाढवा (१ स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाईलवर झाडावर बोट टेकवा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण किंचित वर सरकवा. काळी आकृती हवी असेल तेव्हा उलट, १ स्टॉप कमी.

पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर वारा २ बोफोर्टच्या (हे वाऱ्याच्या जोराचं माप) आत हवा. त्याहून जास्त असेल तर प्रतिबिंबाचा नाद सोडा.

चौथी पायरी: बसा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मला सगळ्यात उशिरा कळलं. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला येतं. उभं राहून, डोळ्याला कॅमेरा लावून फोटो काढला की कॅमेरा जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर असतो. झाडाची गाठ दोन मीटरच्या आसपास. म्हणजे क्षितिजाची रेघ रांगेतल्या प्रत्येक झाडाच्या बरोबर गळ्यातून जाते. जवळचं झाड असो की लांबचं, सगळ्यांचा गळा एकाच रेघेने कापलेला. फोटोत काहीतरी खटकत राहतं आणि काय ते कळत नाही.

खाली बसा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आला की क्षितिज बुंध्याशी जातं आणि सगळी डोकी मोकळ्या आकाशात उभी राहतात. बुटकं झाड एकदम भारदस्त दिसतं. मागची गावं, गाड्या, हरितगृहं असला सगळा पसारा गवताच्या आड जातो. वॉटरप्रूफ पँट किंवा प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवा. हे गवत सप्टेंबर ते एप्रिल ओलंच असतं.

किंवा मग पूर्ण उलट करा: बांधावर चढा. चार-पाच मीटर उंचीवरून क्षितिज डोक्यांच्याही वर जातं आणि एकामागे एक रांगा थरांसारख्या मांडलेल्या दिसतात, मध्ये चरांच्या चंदेरी पट्ट्या. म्हणजे एकतर बसायचं, नाहीतर चढायचं. फक्त उभं राहायचं नाही.

आता रांग. लांबच्या लेन्सने, १३५ ते २०० मिमीच्या दरम्यान, रांग तिरकी घेतली की झाडं एकमेकांजवळ येतात आणि त्या बोडक्या गोळ्यांचा ठेका तयार होतो. पण दोन डोकी एकमेकांत मिसळू देऊ नका. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, पण चौकटीत बघत बघत नव्हे, थांबून थांबून (चर लक्षात आहे ना). दोन डोक्यांमध्ये आकाशाची निदान बोटभर फट दिसायला हवी. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११ आणि फोकस पहिल्या नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या झाडावर. वाऱ्यात काटक्या हलतात, तेव्हा शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका. फोटोत तीन किंवा पाचच झाडं हवीत असं बरेच जण सांगतात, मी ते कधी मोजलेलं नाही. मी बघतो ती फट: रांगेत एखादं झाड पडून गेलेलं असतं, तिथे जी मोकळी जागा राहते ती.

रुंद लेन्स एकाच झाडाजवळ जाऊन वापरायची, हातभर अंतरावर, गाठीच्या खालून. लांबच्या रांगेवर रुंद लेन्स लावली तर झाडं काडेपेटीतल्या काड्यांएवढी होतात.

मोबाईलवाल्यांसाठी: अंगचीच तिप्पट झूमची लेन्स असेल तर रांगेला ती वापरा, त्यापुढे बोटांनी ताणू नका. पांढऱ्या आकाशापुढच्या बारीक काटक्या मोबाईलला झेपत नाहीत. तो त्या स्वतःच्या मनाने धारदार करायला जातो, आणि काटक्यांभोवती पांढरी कड येते किंवा सगळा लगदा होतो. म्हणून मोबाईलने धुकं, काळी आकृती आणि यंदा कापलेल्या मुठी घ्याव्यात. जटावाली झाडं कॅमेऱ्यावाल्यांसाठी सोडावीत.

आभाळ सपाट राखाडी असेल, आणि ते इथे आठवड्यातले चार दिवस तसंच असतं असं मला वाटतं, तर आभाळ चौकटीतून काढूनच टाका. पाण्यातलं प्रतिबिंब घ्या, सालीचा तुकडा घ्या, किंवा कृष्णधवल करा.

पाचवी पायरी: परत जा

फान गॉग हेगमध्ये राहायचा तेव्हा, १८८२ साली, त्याने तळ्याकाठचं असं एक झाड जलरंगात रंगवलं. ते चित्र आता ॲम्स्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयाकडे आहे. त्याच वर्षी भावाला, थिओला लिहिलेल्या एका पत्रात त्याने म्हटलंय की या झाडांची रांग त्याला कधी कधी वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या मिरवणुकीसारखी वाटते. चित्र बघताना एक गोष्ट पाहा: झाडाच्या मागे रेल्वेच्या इमारती आहेत, त्या त्याने झाकलेल्या नाहीत. त्यामुळे विजेचा खांब किंवा पवनचक्की आली म्हणून प्रत्येक फोटो टाकून देऊ नका.

घरापासून सायकलने जाता येईल अशी एक रांग निवडा आणि कापणीच्या एका पूर्ण फेरीत तिचे फोटो काढा. दर वर्षी तीन-चार वेळा पुरे. फिरताना ती कापली जातेय असं दिसलं तर थांबा. बऱ्याच गावांत हे काम आता स्वयंसेवकांचे गट करतात, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला देशभर निसर्गाच्या कामाचा एक दिवसही असतो. सामील व्हायला भाषा फारशी लागत नाही. करवत हातात देतात आणि दुपारी वाटाण्याचं दाट सूप. फोटो मात्र विचारून काढा, माणसांचे तर नक्कीच. शिडीवर चढलेला माणूस, खाली पडलेल्या फांद्यांचा ढीग आणि मोकळं झालेलं डोकं या तिन्ही गोष्टी एका चौकटीत येण्याचा मोका तीन ते पाच वर्षांतून एकदाच येतो.

पुन्हा त्याच जागी उभं राहता यावं म्हणून खूण हवी. मोबाईलमधलं ठिकाण पाच-दहा मीटर चुकतं आणि तेवढ्याने डोक्यांमधल्या फटी बदलतात. मी वहीत लिहितो: फाटकाच्या डाव्या खांबाला पाठ, गुडघ्यावर, ८५ मिमी, डावीकडचं दुसरं झाड चर्चच्या टोकाखाली. पहिल्या वर्षीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा आणि जागेवर उघडून ताडून बघायचा.

थंडीत बॅटरी निम्म्या वेळात बसते. दुसरी जवळ ठेवा, बॅगेत नव्हे, अंगातल्या खिशात. आणि घरात शिरण्याआधी, बाहेर असतानाच, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. गरम खोलीत आल्यावर बाष्प पिशवीवर जमेल, लेन्सवर नाही. तासभर तशीच राहू द्या. कितीही उतावीळ झालात तरी कार्ड काढायला पिशवी उघडायची नाही. कार्ड बाहेरच काढून घ्यायचं.